पाच फुटी टाकीतले दगड

माशांच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. हातात झाकणाची बादली, आत पाच मासे. त्या दुकानदाराला विचारत होत्या.

"हे माझे अर्थईटर. घरच्या टाकीतही अर्थईटरच आहेत, पण दुसऱ्या जातीचे. एकत्र नांदतील का?"

"नांदतील की. सगळेच दिवसभर तोंडात वाळू घेऊन चाळत बसणारे. टाकी केवढी?"

"पाच फुटी."

"मग जागेची अडचण नाही. अडचण हक्काची. जुन्यांनी कोपरे वाटून घेतलेले असतात. नवा दिसला की हुसकावतात."

"त्याला उपाय?"

"आधी टाकीतले सगळे दगड हलवायचे. जुनेही नव्यासारखे बावचळतात. मग हे सोडायचे."

"दगड नाही हलवता यायचे."

"जड आहेत?"

"नाही. मुलीच्या आईने लावलेत ते."

"मुलीची आई म्हणजे…"

"ती वारली. मी गेल्या महिन्यात लग्न करून त्या घरात आले. टाकी आता मुलगीच बघते. चौदा वर्षांची आहे."

"मग तिलाच विचारा ना."

"विचारलं तर हो म्हणेल हो. फार समजूतदार आहे. म्हणूनच विचारवत नाही."



"मग काय करू म्हणता?"

"मला वेगळी टाकी द्या, तीन फुटी. तिच्या टाकीशेजारी ठेवते."

"तीन फुटांत यांना वर्षभरात दाटी होईल, ताई."

"होऊ दे. तिचं माशांकडे बारीक लक्ष असतं. दाटी झाली की तिलाच दिसेल. मग दगडांचं काय करायचं, ते तीच ठरवेल."