सहासष्टचा कॉम्प्युटर

जामखेडच्या अण्णांचं तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं. अण्णा तिथल्या एका पतसंस्थेचे चेअरमन, आणि मी नगरहून कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचो. अण्णांनी संस्थेचा कॉम्प्युटर काचेच्या कपाटात कोंडलेला. उन्हाळ्यात तापून तो सारखा बंद पडायचा आणि काउंटरवर लोक ताटकळायचे.

"कपाट उघडं ठेवा," म्हटलं, तर म्हणाले, "शोभा जाती."

मग मी आतला जंपर, म्हणजे वेग ठरवणारी बारीकशी पिन, बदलून प्रोसेसरचा वेगच निम्मा केला. मशीन गार पडलं, काम सुरळीत झालं. त्या काळी कॉम्प्युटरच्या डब्यावर वेगाचा, मेगाहर्ट्झचा, आकडा दिसायचा, तोही प्रामाणिकपणे सहासष्टचा तेहेतीस केला.

अण्णा गरजले, "निम्मं काढून घेतलं व्हय रं? मी सहासष्टचा आनलाय!"

"अण्णा, वेग कमी केला म्हणूनच तो गार राहतोय."

"ते न्हाई सांगायचं. सहासष्ट कर, न्हाईतर नगरची गाडी कशी मिळती बघतो."

तो आकडा नुसता शोभेचा असतो, वेगळा लावता येतो. मी वेगाला हात न लावता तेवढाच सहासष्ट केला.

अण्णा लोकांकडं वळले, "बघा, आता कसं पळतंय! दम दिल्याबिगर ह्ये काम करीत न्हाईत."

मग हळूच मला म्हणाले, "नव्याण्णव बसंल का?"

बसवलं.