घंटा वाजली होती

नाही, नाही, नाही. परत 'मी' आला. अहो साहेब, तीन दिवस आपण साक्षीची हीच तालीम घासतोय – 'मी निर्णय घेतला' नाही म्हणायचं, 'निर्णय घेण्यात आला' म्हणायचं. कुणी घेतला? कुणीच नाही, घेण्यात आला! आपल्या भाषेची केवढी सोय आहे बघा, कर्त्याला घरी झोपवायचं आणि वाक्य एकटं कामावर पाठवायचं. आणि पाण्याला लगेच हात घालू नका. प्रश्न आवडला नाही की माणूस पाणी पितो हे संसदेच्या समितीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं – माझ्याकडे एक औषध नियंत्रक आले होते, ते ऐन सुनावणीत इतकं पाणी प्यायले की भलत्याच वेळी उठून जावं लागलं त्यांना. हसताय काय, दुपारी साक्षीला तुमची पाळी आहे. मी त्या समितीच्या कचेरीत केस पांढरे केले म्हणून सांगतो – अध्यक्षबाई आवाज चढवत नाहीत. त्या चष्मा काढून टेबलावर ठेवतात. चष्मा खाली आला की समजायचं, आता आपलं काही खरं नाही. तर सरळ बसा, पुन्हा एकदा करू. खालच्या दातांच्या डॉक्टरचं यंत्र सुरू झालंय, तिकडे लक्ष देऊ नका, समितीतही कुणी ना कुणी खोकत असतंच.

मी समितीचा सदस्य, तुम्ही तुम्हीच, आरोग्य आणि समाजसेवा खात्याचे संचालक. विचारतो हं. – संचालक महोदय, 'निर्धास्त रात्र' नावाच्या तुमच्या योजनेत वृद्धांच्या सरकारी निवासांमधल्या रात्रपाळीच्या सेविका काढल्या आणि प्रत्येक गादीखाली एक यंत्र बसवलं. माणूस गादीवरून उठलं किंवा पडलं की घंटा वाजणार. बरोबर? मान नका हलवू, 'बरोबर' म्हणा. हां. मग त्या कालव्याजवळच्या निवासात, कोपऱ्यातल्या खोलीत ताई पडली, मांडीचं हाड मोडून उजाडेपर्यंत फरशीवर पडून होती, तेव्हा तुमचं यंत्र काय करत होतं? – शाब्बास! 'घंटा वाजली होती. यंत्रणा योग्यरीत्या कार्यरत होती.' काय सुरेख म्हणालात. 'मी' नाही, कुणीच नाही, नुसती घंटा. असंच म्हणायचं, आणि म्हणून झालं की गप्प बसायचं.

काय? काय म्हणालो मी? ताई? म्हटलं असेल. वयस्कर बाईला ताईच म्हणतो की माणूस, त्यात काय एवढं – तुम्ही नाही म्हणत? – 'पडली' म्हणालो? नसेन हो. 'पडल्या' म्हणालो असेन. या खालच्या घरघरीत तुम्हाला – बरं. बरं, म्हणालो 'पडली'. चांगलं ऐकता की तुम्ही, ऐकायचं तेव्हा. लोकांच्या जिभेवरचा शब्दन्‌शब्द पारखायचा धंदा माझा, आणि माझीच जीभ घसरली. पण स्वतःच्या ताईला कुणी 'पडल्या' म्हणतं का? जिनं मला कडेवर घेतलं, पाढे चुकलो म्हणून पट्टीनं झोडलं, आणि झोडून झाल्यावर स्वतःच रडत बसली, तिला काय मी अहो-जाहो करू?

हो. सख्खी. माझ्याहून मोठी. बसा, बसा, अजून वेळ आहे. तुमच्या खात्याला काय ठाऊक, तिचं आडनाव सासरचं. आयुष्यभर टेलिफोन खात्यात होती माझी ताई, कानाला ते यंत्र लावून बसायची. घंटा दुसऱ्यांदा वाजू द्यायची नाही म्हणायची, पलीकडे कोण कुठल्या अडचणीत असेल आपल्याला काय ठाऊक! घरी दारावरची बेल वाजली तरी हातातलं पीठ तसंच घेऊन धावायची. आणि तिच्यासाठी जी वाजली – वाजली हो, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, सकाळी झाडूवाली आली तेव्हाही वाजतच होती – ती सेविकांच्या खोलीत वाजली. सेविका तुम्ही काढलेल्या. खोलीला बाहेरून कुलूप. बंद खोलीत भिंतीला ऐकवत रात्रभर वाजली ती घंटा.

आता सांगतोच. झाकली मूठ राहिली नाही तर नाही. ताई गेल्यावर तिचं सामान आणायला गेलो ना – सामान काय, दोन साड्या, चष्मा, गरम पाण्याची पिशवी – तेव्हा तिथल्या मेट्रनबाई दार लोटून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, उद्घाटनाला तुम्ही आला होतात. त्यांनी तुम्हाला ती खोली उघडून दाखवली, म्हणाल्या, साहेब, रात्री इथं चिटपाखरू नसतं, घंटा निदान पहारेकऱ्याच्या चौकीत तरी द्या. आणि तुम्ही यंत्र दाबून बघितलंत आणि म्हणालात, 'वाजतेय ना? मग झालं.' आठवतंय? आत्ता आठवलं. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाला होतात, अशी अडचण कुणी माझ्या कानावर घातलीच नाही. तेच वाक्य दुपारी म्हणा. मी सुधारलं नाही त्यात काही. मुद्दामच नाही सुधारलं.

कारण बाई चष्मा खाली ठेवणार आणि विचारणार – 'घंटा वाजली. ऐकली कुणी?' एवढंच. तो प्रश्न त्यांना मी दिलाय. आणि तुमच्यानंतरच्या साक्षीदार कोण? मेट्रनबाई. तुमच्या मागच्याच रांगेत बसतील, हातात रुमाल धरून. संसदेच्या समितीपुढं खोटं बोललेल्याला पुढं कुठल्या खात्यात खुर्ची मिळत नाही, शिपायाचं स्टूलसुद्धा नाही. – केसानं गळा कापला? हो, कापला! तुमच्याच खात्याचं मीठ खाऊन कापला. तुमचं बोलावणं आलं तेव्हा बायको म्हणाली, नाही म्हणा, तोंड बघू नका त्या माणसाचं. मी म्हटलं, वेडी आहेस का, असं घरी चालत आलेलं आमंत्रण पुन्हा येणार नाही. तीन दिवस तुम्हाला 'साहेब साहेब' करताना जीभ जळत होती माझी, पण गोडही लागत होतं हो. फार गोड लागत होतं.

फोन कशाला काढताय? वकिलाला? – मंत्र्यांना? – म्हणजे योजनाच मागे घेता? आत्ता? सगळ्या निवासांत आज संध्याकाळपासून सेविका परत कामावर? वा! वा, संचालक साहेब! सुंठीवाचून खोकला गेला की तुमचा. योजनाच उरली नाही तर बाई चौकशी कशाची करणार, सुनावणी तहकूब, मेट्रनबाई परत घरी, तुम्ही मोकळे – वर पेपरात छापून येईल, 'खात्याचा संवेदनशील निर्णय'. आणि पुढच्या वर्षी हेच दुसरं नाव लावून आणाल. तुमची जात ओळखून आहे मी. ठेवा तो फोन. ठेवा म्हणतो ना!

काय म्हणालात? – आज रात्री कुणी पडलं तर?

पडू दे.

पडू दे एक रात्र! आमची नाही पडली? उद्या घ्या मागे, परवा घ्या, पण आज दुपारी तुम्ही तिथं बसायचं, बाईंनी विचारायचं, आणि तुमच्या तोंडून शब्द फुटता कामा नये, आणि मी मागच्या बाकावरून बघणार – कोरडं पडलेलं तोंड बघणार, पाण्याकडे जाणारा हात बघणार – त्यासाठी जगलोय मी ताई गेल्यापासून, दुसऱ्या कशासाठी नाही. असेल कुणाची तरी आई. असेल कुणाची बहीण. मी काय सगळ्या गावाचा –

नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला. म्हणजे म्हणालो, पण – ते खालचं यंत्र बंद झालं वाटतं. – असे बघू नका माझ्याकडे. तुम्ही नका बघू. तुम्हाला तो अधिकार नाही.

कोट घ्या तुमचा. उठा. उठा म्हणतो! मंत्र्यांना लावायचा तो फोन जिन्यात जाऊन लावा. माझ्यासमोर नको.