वहिनीने सांगितलेले भाव

आमच्या अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, शेअरचं वेड अख्ख्या चामराजपेटला ठाऊक. सकाळी गुलाबांना पाणी घालायचं, की दिवसभर बाजार. संध्याकाळी तो भाव सांगायला लागला की वहिनी उठून आत जायची.

टीव्हीवर भाव धावत नव्हते तेव्हाची गोष्ट. अण्णाला हार्ट अटॅक आला आणि डॉक्टरांनी पेपर बंद केला. मग वहिनीच रोज खाटेपाशी बसून सांगायची, "आज बाजार स्वल्प वर गेला हं." अण्णा मान डोलवायचा.

एकदा माझ्यासमोर तिने असंच सांगितलं आणि कॉफी आणायला गेली.

मी म्हटलं, "अण्णा, आज रविवार. बाजार बंद असतो."

"माहीत आहे रे. तिला सांगू नकोस. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशी शेअरचं बोलतेय."