बिनकुटाचं घर

तुम्ही हसाल, पण आमच्या घरात शेंगदाण्याला बंदी आहे. पोरगं चार वर्षांचं. कुटाचा नुसता हात लागला तरी त्याचे ओठ सुजतात, धाप लागते. नवऱ्याला दूध सोसत नाही, सासूबाईंना गहू. अस्सल नगरी घरात मी वांग्याची भाजी बिनकुटाची करते आणि वर विचारते, "बरी झालीये ना?" सगळे बिचारे हो म्हणतात.

परवा सासूबाई शेजारच्या काकूंकडून आल्या आणि दारातच थबकल्या. पोरगं त्यांच्याकडे धावलं, तर हात वर करून म्हणाल्या, "थांब रं, शिवू नको मला."

मी विचारलं, "काय झालं आई?"

"कायी न्हाई. तिनं शेंगदान्याची चटनी केल्ती. भाकरीसंगं खाल्ली वाईच. साबनानं हात धुतलेत, चूळबी भरली."

"मग या ना आत."

"लुगडं बदलते आदी. पदर लागला आसंल."

"मला सांगून जायचं ना आई."

"सांगितलं आस्तं तर तुला झोप लागली आस्ती व्हय?"

त्या आंघोळ करून, लुगडं बदलून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आता घेऊ का गं त्याला?"

घर त्यांचं, नातू त्यांचा, आणि परवानगी माझी. मी "घ्या ना" म्हटलं. पण त्याआधी त्यांची नखं बघितली.