अर्धा इंची पाना

सन्माननीय अध्यक्षा श्रीमती ब्लँचर्ड, व्यासपीठावरचे पाहुणे, क्लबचे सभासद आणि ज्यांना आज आपण कायमचं जमिनीवर उतरवून घेत आहोत ते थॉरोल्डसाहेब,

मी लेन पास्क. साहेबांच्या स्पिटफायर विमानाचा सव्वीस वर्षं मेकॅनिक. भाषणाची सवय नाही. आमच्या धंद्यात इंजिनापुढे कुणाचं काही ऐकू येत नाही.

बटाट्याच्या शेतकऱ्याने लढाऊ विमान कशाला घ्यावं, असं गावाने विचारलं होतं. साहेब म्हणाले, "ट्रॅक्टर उडत नाही म्हणून." याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या हँगरमध्ये पाने-पकडी अशी हत्यारं टांगायची फळी आहे. प्रत्येक हत्यारामागे त्याचा आकार पांढऱ्या रंगाने काढलाय. एक जरी आकार उघडा दिसला, तरी विमान बाहेर काढायचं नाही. का? या विमानात वैमानिकाच्या पायाखाली सलग जमीन नाही. पडलेली वस्तू थेट तळाशी, सुकाणूच्या तारांमध्ये जाते; तिथे अडकली, तर विमान हाताबाहेर.

चौदा वर्षांपूर्वी, जूनमध्ये, साहेब उडाले. मी वळलो, तर अर्ध्या इंची पान्याचा आकार उघडा. विमान ठीक असल्याची सही मी केली होती. फळीकडे न बघता.

मार्जरीबाई, तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसला होतात. म्हणालात, "बघ लेन, आता विमानासकट उलटा होईल माझा वेडा नवरा."

रेडिओ हाताशी होता. बोललो तर सगळा विमानतळ ऐकणार. मी तो लगेच उचलला नाही. अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मी साहेबांचा नाही, माझ्या नावाचा विचार करत होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग उचलला. "साहेब, उलटे होऊ नका. माझा पाना तुमच्यापाशी आहे."

रेडिओ खरखरला. मग आवाज आला, "पास्क, तू कधी कुणाला खिळा उसना देत नाहीस. आजच कसा उदार झालास?"

अकरा मिनिटं. रुंद वळणं घेत, सावकाश उतरले. पाना तारांच्या बोटभर अलीकडे अडकला होता. साहेबांनी तो स्वतः फळीवर टांगला. "चहा टाक. चारला पुन्हा जायचंय." चारला गेले. जाताना फळीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून प्रत्येक उड्डाणात, चाकं टेकेपर्यंत मी फळी मोजत आलो. बायको म्हणते, मी घरातले चमचेही मोजतो.

मंगळवारी नवे मालक विमान घेऊन गेले. त्यांची फळी, त्यांची काळजी. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याआधी मी बादली उलटी टाकून तिच्यावर बसलो आणि सुटलो म्हणून किती तरी वेळ हसलो.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. उणंअधिक बोललो असेन तर सांभाळून घ्या. त्या अर्ध्या मिनिटाची माफी वेगळी. ती साहेबांनी द्यायची.

हा तो पाना. साहेब, आता तो तुमच्यापाशीच राहू द्या. फळीवरचा आकार उघडा ठेवून मी हँगरला कुलूप लावलं, आणि वर आभाळाकडे न बघता इथपर्यंत चालत आलो.