दम तुटला, बाद!

ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा पंच पाहिलाय कधी? आमच्या वडनेरला होता. दसऱ्यानंतर कबड्डीचे सामने सुरू होतात. त्याआधी दरवर्षी नांदुऱ्याच्या पोरांशी आमचा एक सामना होतो आणि जमलेली मदत कुणा गरजवंताला जाते. त्या वर्षी ती आम्हाला कबड्डी शिकवणाऱ्या सरांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी होती. सर अडून बसले, "फुकट घेत नसतो मी. मले पंच करा. रेषा दुसरा कोणी पाहीन, मी दम ऐकतो."

गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझी. एकाला शिवून वळलो, तर सर समोर. तोंड रिकाम्या बाजूला, ओठांत शिट्टी, कान आमच्याकडे. माझा गळा दाटला, तोंडातली 'कबड्डी' अर्धीच राहिली. गलक्यात कुणाला कळलंही नाही. पण शिट्टी वाजली.

"दम तुटला. बाद!"

आम्ही हरलो. मी तरातरा सरांपाशी गेलो. "सर, आपल्याच गावाले काऊन हरवलं?"

सरांनी चाचपडत माझा गाल शोधला. त्यांची बोटं ओली झाली.

"ऑपरेशन होऊ दे बे, मंग रड. मले पाहता तरी येईन."