वॉर्डातला परदेशी डॉक्टर

मी पक्का पुण्याचा, पण नागपूरला एकदा मी परदेशी ठरलो होतो, तेही दिल्लीच्या साहेबासमोर!

सत्तरच्या दशकात मी तिथे डॉक्टरकी शिकत होतो. आमचं कॉलेज किती आंतरराष्ट्रीय झालंय हे मोजायला दिल्लीहून एक साहेब फॉर्म घेऊन आले. आमच्याकडे परदेशी म्हणजे एकटा जोसेफ, केनियाचा. एकच आकडा लिहायचा म्हणून प्राचार्यांचा चेहरा पडलेला. निदान तो एक तरी नीट दाखवू, म्हणून त्यांनी साहेबांना थेट आमच्या वॉर्डात आणलं.

तेव्हा मी काटोलकडच्या एका मावशीला तपासत होतो. मी विचारलं, "आपल्याला शौचास साफ होते का?" मावशी माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग नेहमीसारखा जोसेफ धावून आला. मेसच्या आचाऱ्याशी गप्पा मारून मराठी शिकलेला गडी तो! "काय वं मावशे, संडास साफ होऊन राहिली का?" मावशी लगेच भडाभडा बोलायला लागली.

साहेबांनी तिला विचारलं, "माताजी, विदेशी डॉक्टर ठीक से देखता है ना?"

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. "हा? पाहते चांगला. पण याले आपलं बोलणं समजत नाही. शिकन हळूहळू. लई दुरून आलं दिसते बिचारं!"

साहेबांनी हसत पेन काढलं. "तो फिर दो लिखूँ?"

प्राचार्य चक्क विचारात पडले. जोसेफनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको गा. पहिल्या वर्षी माहंही असंच झालं होतं."